बदामबाईची दाणामेथी

आमच्या शेजारच्या बदामबाईनं एकदा मुंग्यांपायी स्वतःच्या घराचं दार वापरणं सोडलं होतं. उंबऱ्यावरून मुंग्यांची रांग चाललेली, म्हणून ही बाई सकाळपासून माझ्या घरातून ये-जा करत होती. डोक्यावर पदर, काखेत कळशी, आणि माझ्या स्वयंपाकघरातून अशी चालायची की जणू तो नगरपालिकेचा रस्ता. शेवटी मी म्हटलं, "जरासा झाडू फिरवी दे ना व." तर माझ्याकडे असं पाहिलं की मीच कुणाचा गळा दाबायला निघाले आहे. म्हणाली, "त्यासनं काम चालू शे. व्हई जाई." संध्याकाळपर्यंत काही त्यांचं काम झालं नाही.

बदामबाई जैन, स्थानकवासी, मारवाडातली. पण तीन पिढ्या तळोद्यात गेल्या, त्यामुळे भांडते अहिराणीत आणि नवकार म्हणते प्राकृतात. पुढे मुलाचं किराणा दुकान, मागे लांबलचक बोगद्यासारखं घर. तिचं एक वाक्य सगळ्या गल्लीला पाठ आहे: "त्यामा बी जीव शे, माय!" पाण्यात जीव, म्हणून ते गाळून, उकळून प्यायचं. हवेत जीव, म्हणून धर्माचं वाचताना तोंडाला मुहपत्ती. बटाटा, कांदा, गाजर तर नावच काढू नका. जमिनीखालच्या एका कंदात म्हणे न मोजता येण्याएवढे जीव. डोंगरातून जीपनं येणाऱ्या भाजीवाल्यासुद्धा तिच्या दारापुढून जाताना कांद्याच्या पाटीवर फडकं टाकतात. सूर्य बुडाला की पाण्याचा थेंबही नाही. लग्नाच्या जेवणाला ती पाचला हजर असते. तेव्हा आचारी नुकता कढई घासत असतो.

आणि तिचं सामायिक! रोज पाऊण तासाहून जरा जास्त एका आसनावर बसायचं, संसाराचं काही बोलायचं नाही, चित्त शांत ठेवायचं. एकदा गॅसवर दूध राहिलं. ते वर यायला लागलं तसा बदामबाईचा नवकार चढत गेला. "णमो अरिहंताणं" इतक्या जोरात आलं की मी हातातलं लाटणं घेऊन भिंतीपलीकडे धावले आणि गॅस बंद केला. नंतर तिला म्हटलं, "हाई तर मला हाक मारी तू." म्हणे, "मी भगवानले मारी. तू काबर उनी?" पण त्या चढलेल्या आवाजाबद्दल दुसऱ्या दिवशी तिनं एक वेळचं जेवण सोडलं, हेही सांगायला हवं.

तर अशा या बाईनं गेल्या साली चातुर्मास संपला आणि रोज एकच भाजी करायला सुरुवात केली. दाणामेथी. मेथीचे दाणे उकडून त्यात गूळ, आमचूर, मनुका घालतात. अष्टमी-चौदसला त्यांच्यात हिरवी भाजी नसते, तेव्हा ही होते. ते आम्हाला ठाऊक होतं. पण ही एकादशीला, पंचमीला, बाजाराच्या दिवशी, सगळ्याच दिवशी व्हायला लागली. एक वाटी आमच्याकडे न चुकता यायची. गूळ घाला नाही तर काही घाला, मेथी ती मेथीच. आमच्या ह्यांची साखर उतरली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कुठलं नवीन औषध चालू केलंत? हे म्हणाले, शेजार.

तिचा मुलगा दुकानातून मला हात जोडायचा. "मावशी, तुम्ही सांगून पाहा ना. एक दिवस तरी शेवेची भाजी."

गेले विचारायला. पाहते तर बदामबाई एकटीच जेवत होती. एकेक घास गिळताना डोळे मिटत होती. तिला स्वतःलाच ती भाजी आवडत नव्हती!

"काबर व, रोज रोज हाईच?"

तिनं तो घास आधी गिळला. मग हळूच म्हणाली, "महासतीजी येतील."

महासतीजी म्हणजे तिची मुलगी. विशी उलटता उलटता तिनं दीक्षा घेतली. घर सोडलं, चप्पल सोडली, गाडी सोडली, स्वतःच्या हातानं केस उपटून काढले, जुनं नावही गेलं. तेव्हापासून ती पायी फिरते, आणि बदामबाईनं तिला कधी 'मुलगी' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या साली त्यांचा जथा शहाद्याकडून गुजरातेत जाताना तळोद्यावरून जाणार, एवढं कळलं होतं. दिवस कुणालाच ठाऊक नाही; ते त्यांच्या पायांवर असतं. आणि साध्वींसाठी म्हणून मुद्दाम केलेलं अन्न त्यांना चालत नाही. घरच्यांनी स्वतःसाठी रांधलेल्यातलं थोडंसंच त्या घेतात. पोरीला लहानपणी दाणामेथी फार आवडायची. दुसरी पोरं तोंड वाकडं करायची, ही कढई पुसून खायची.

"म्हणून रोज करी ऱ्हायनी मी," बदामबाई म्हणाली. "मन्हासाठी. मीच जेवस ना ती? मग खोटं कसं?"

मला हसूही आलं आणि त्या आल्याच नाहीत तर, हे विचारवेना.

त्यानंतर आमच्या तालमी सुरू झाल्या. मी हातात डबा धरून साध्वी व्हायचं आणि तिनं वाढायचं. वाढणाऱ्यानं त्या वेळी कच्च्या पाण्याला, हिरव्या पाल्याला, विस्तवाला शिवायचं नाही. विजेचं बटणही दाबायचं नाही. दिवा लागला की अग्नीच्या जीवांना इजा. तसं झालं तर घर 'असूझतं' झालं, साध्वी काही न घेता परत फिरणार. मी एकदा सवयीनं पंखा लावला तर केवढी ओरडली! "गया! गयं समदं! आते त्या निंघी गयात!" साध्वी मीच होते, तरी मला बाहेर काढलं.

आणि एके दिवशी दुपारी त्या खरंच आल्या. पांढऱ्या वस्त्रातल्या दोघी, झोळीत भिक्षेची लाकडी पातरी, तोंडावर मुहपत्ती. मी मागच्या दारात उभी होते. बदामबाईच्या मधल्या घरात भरदुपारी अंधार असतो. तिनं हात जोडले, "मत्थएण वंदामि" म्हटलं. भाजी काढून ठेवलेली, हात कोरडे, सगळं तालमीप्रमाणे. पुढच्या साध्वीनं पातरं पुढे केलं. बदामबाईनं पळी उचलली, समोर पाहिलं, आणि डावा हात भिंतीकडे नेऊन बटण दाबलं.

लख्ख उजेड पडला.

बदामबाईला कळायला थोडा वेळ लागला. मग पळी तिच्या हातातून परत भांड्यात गेली. साध्वीनं पातरं झोळीत ठेवलं. असूझत्या घरात मग थांबायचं काम नसतं. बरोबरची साध्वी वळलीसुद्धा. पण ही वळेना. त्या दिव्याखाली, आईकडे तोंड करून, तशीच उभी राहिली. मग "दया पाळो" एवढा नेहमीचा आशीर्वाद दिला आणि गेली.

मी पुढे झाले. म्हटलं, "बदामबाई, इतकं सगळं केलं व, आणि बटण काबर दाबं?"

"अंधारामा दिसेना मला," ती म्हणाली. नजर दाराकडेच. "तू बी देखं ना? मन्ही पोर बारीक व्हई गयी व."

मला मुहपत्तीवरचे नुसते डोळे दिसले होते.

"नही व," मी म्हटलं. "चांगली शे. गाल बी भरेल शेतस."

खोटं बोललेलं तिला कुणाचंच खपत नाही. त्या दिवशी मात्र तिनं मला दोनदा तेच सांगायला लावलं.