टोपलीला लिंपलेली साक्ष

टोपलीच्या बुडाला सासूबाईंचा अंगठा दिसला अन् माझ्या हातातला लगदा फतकन खाली पडला. सासूबाईंना जाऊन वरीस होऊन गेलतं, अन् हितं त्यांचा अंगठा, काळाभोर, विळीनं कापल्याची आडवी खूण अन् एकेक रेघ उमटलेली, मेथीच्या वासात बसून माझ्याकडं बघायला! पोरगी काखंत, दोनी हात कोपरापत्तूर भरलेले, अन् मी उकिडवी बसलेली, उठता येईना का रडता येईना. पयली गोष्ट मनात काय आली सांगू? टोपली पालथी घालावी अन् तिच्यावर बसून ऱ्हावं. चार बुकं शिकलेल्या बाईची अक्कल ही. त्यातलं चौथं तर पुरंबी झालेलं न्हाई.

तुमाला वाटंल, मेलेल्या बाईचा अंगठा टोपलीत कुठून आला? मामांमुळं आला. आमच्या घरात जे काय इपरीत व्हतं ते मामांमुळंच व्हतं.

दान्यालमामा म्हंजी सासूबाईंचे धाकटे भाऊ. आमच्या वस्तीच्या टोकाला, प्रार्थनेच्या खोलीला लागून एकटेच ऱ्हातात. गेवराईच्या तहसिलीत चपराशी व्हते, दफ्तरखान्यावर. तिथं सरकारी कागद कपड्यात गुंडाळून बस्ते बांधायचे, मधी लिंबाचा पाला घालायचा, वेखंडाचा तुकडा ठेवायचा, उन्हाळ्यात सगळ्याला ऊन दाखवायचं, हेच काम. नोकरी सुटली, पर दफ्तरखाना काय मामांच्या अंगातून सुटला न्हाई. घरात ज्वारीची कनगी एकच, तीबी अर्धी रिकामी, अन् बस्ते बघावं तर आढ्याला टेकलेले.

त्या बस्त्यांत काय? तर आमच्या ख्रिस्ती मंडळीत ज्या साली पवित्र आत्मा उतरला, त्या सालचं सगळं. मी तवा म्हायेरी, उमापूरकडं, परकरात व्हते. उन्हाळ्यात एका सांजच्या प्रार्थनेला हितली मानसं आपापली पापं सांगून मोठमोठ्यानं रडायला लागली म्हने. कुनी थरथरायलं, कुनी भुईवर लोळलं, कुनी अन्यभाषेत बोलायलं, जी भाषा कुनी शिकवलेली न्हाई अन् कुनाला कळतबी न्हाई. रडन्याचा आवाज ऐकून गावातली मानसं धावत आली, कुनाच्या घरी मयत झाली म्हनून. मयत कुनाचीच झाली न्हाई म्हनल्यावर काहीजन रागावूनच परत गेले.

मामांनी ठरवलं, ह्याचं दफ्तर करायचं. त्या सांजंला जो जो खोलीत व्हता तो गवाह. त्याला घरी बोलवायचं, गुळाचा खडा द्यायचा, पानी द्यायचं, अन् इचारायचं, “चश्मदीद हाय का सुनीसुनाई?” म्हंजी, डोळ्यानं पाह्यलं का कानानं ऐकलं? डोळ्यानं पाह्यलेली साक्ष लाल कपड्यात. कानानं ऐकलेली पांढऱ्या कपड्यात. खाली अंगठा. अन् अंगठ्याला शाई चालायची न्हाई, दिव्याचं काजळ तेलात कालवलेलंच पायजे.

मामा सोता कधी लिहीत नसत. मला म्हनायचे, “सुनबाई, मोठ्या हपिसात लिहिनारा येगळा असतो अन् सांभाळनारा येगळा.” मला वाटायचं, केवढा रुबाब! मंग मीच लिहायची. माझी येलांटी कधी हिकडं कधी तिकडं, पर मामांनी एकदाबी चूक काढली न्हाई. मी मनात म्हनायची, आपलं अक्षर सुधारलं वाटतं.

मंडळीतल्या याकोबदादाची साक्ष मीच लिहिली. दादा शप्पथ घेऊन म्हनला, “मानसांच्या डोक्यावर जाळ नाचायला, मामा.”

“किती उंच?”

“वीतभर.”

“मंग छप्पर कावून पेटलं न्हाई?”

“छपराकडं कोन बघतंय, मामा. डोळे मिटलेते. प्रार्थना चालू व्हती ना.”

“डोळे मिटलेते!” मामा माझ्याकडं वळले. “सुनीसुनाई. पांढरा कपडा.”

“म्हंजी प्रार्थनेत डोळे मिटले म्हनून माझी साक्ष बाटली का?” दादा लाल झाला. “उघडे ठिवले असते तर पापी म्हनला असतात!” त्यानं पुरी सुगी मामांशी बोलनं टाकलं.

पर मामांचा कायदा म्हंजी कायदा. त्यामुळं झालं काय, की मंडळीतल्या सगळ्या भक्तिवान मानसांच्या साक्षा पांढऱ्यात गेल्या. लाल बस्त्यात कोन? प्रार्थनेत डोळे उघडे ठिवनारे. म्हंजी लेकरं, दोन-चार उनाड, अन् दारात बुधली घेऊन उभे ऱ्हायलेले तेलवाले रहीमचाचा, जे ख्रिस्तीबी न्हाईत. मामा म्हनायचे, “रहीमभाईसारखा गवाह न्हाई. त्यांना फकस्त तेलाचे पैशे पायजे व्हते, म्हनून ध्यान देऊन पाह्यलं.”

हे याड घरातबी. मी म्हनलं, “मामा, आज कालवन खारट झालं बगा.” लगीच, “चश्मदीद का सुनीसुनाई?” मी म्हनलं, “जिभेनं, मामा!” मामा घास हातात धरून इचार करत बसले. मंग म्हनले, “जिभेचा कपडा न्हाई माझ्याकडं.”

पोरगी झाली तवा तर बाजेजवळ कागद घेऊन हाजिर. “दिस उगवायच्या आधी का मागून?”

“मामा, मला काय ठाव? सुइनीला इचारा.”

“तू हाजिर व्हतीस ना?”

“व्हते, पर डोळे गच्च मिटलेते.”

तवापासून माझं बाळंतपन पांढऱ्या बस्त्यात हाय.

तर आता टोपलीचं. नगरकडून एक पादरी साहेब येनार व्हते. हिकडच्या मंडळ्यांत आत्मा कसा कसा उतरला त्याचं बुक लिहायलेत म्हने, अन् कुनीतरी त्यांना मामांचे बस्ते सांगितले. निरोप आल्यापासून मामांना झोप न्हाई. तीनदा दाढी केली. आमचं आंगन मोठं म्हनून सकाळी सगळे बस्ते आमच्याकडं आनले, बाजंवर सोडून एकेका कागदाला ऊन दिलं. वर खडे ठिवले. “सुनबाई, ध्यान दे,” म्हनले, अन् साहेबांना आनायला बैलाची दमनी सांगायला गेले.

मी दिलं ध्यान. पर त्याच दिवशी मला टोपली लिंपायची व्हती. तुमच्याकडंबी करतातच की, रद्दी कागद भिजवायचा, मेथी घालून कुटायचा, अन् फाटक्या टोपलीला आतून-बाहेरून थापायचा, की दळन सांडत न्हाई. मंडळीची जुनी पत्रकं मी कवापासून साठवलेली. ती बाजंखालीच पडलेली. वारा सुटला, एक खडा घरंगळला, त्याखालचा कागद बाजंखाली गेला असंल, पोरगी चुलीकडं रांगायली, मी तिला धरलं, धुरानं डोळे चुरचुरायलेले, अन् बाजंखालचं सगळं एका कवेत उचलून घमेल्यात घातलं. कुटलंबी धड न्हाई, पोरगी किरकिर करायली म्हनून. दुसऱ्या कुन्या बाईनं नीट कुटलं असतं तर अंगठाबी ऱ्हायला नसता. शाई पान्यात गेली, तेलातलं काजळ टिकलं.

अन् कागद कोनता? सगळ्या ढिगातला तोच. सासूबाईंच्या साक्षंचा. त्या सांजंला सासूबाई सारामामीच्या, म्हंजी मामांच्या बायकूच्या, मांडीला मांडी लावून बसल्या व्हत्या. मामी अन्यभाषेत बोलली, अन् सासूबाईंना नकला लई झ्याक जमायच्या, म्हनून तिनं काय काय आवाज काढले ते फकस्त त्यांनीच म्हनून दाखवलं. ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं. लिहिताना मी पदर तोंडात कोंबून हसायली. सासूबाई पार रंगात आलेल्या. मामा मातर हसले न्हाईत. “हळू, आक्का,” म्हनले, “सुनबाईचा हात मागं पडायला.” आता ना सासूबाई, ना मामी, अन् कागद माझ्या टोपलीला.

मी काय काय केलं ते ऐका अन् हसा. लगदा नखानं सोलला. तुकडे तव्यावर वाळवले, त्याचे पापड झाले. एक तुकडा पोरीनं तोंडात घातला, तो बोट घालून काढला, तर त्याच्यावर माझीच उलटी येलांटी. तेवढीच वाचली. येलांटीला धरून मी साहेबांपुढं कुठं जाऊ?

दिस कलला तसे मामा आले. मी काय बोलनार, टोपलीच पुढं सरकवली. मामांनी ती उचलली, उन्हाकडं धरली, अंगठ्यावर बोट फिरवलं.

“आक्का हाय ही.”

“मामा, मला मारा.”

“मारून काय कागद सुकतो व्हय?” मामा खाली बसले. “काजळ टिकलं बग. शाई असती तर गेली असती.” मंग टोपली फिरवून म्हनले, “साहेबांना सांगू, कागद हाय, पर जरा गोल हाय.”

मी हसले अन् लगीच रडायला लागले. मामांनी टोपली मांडीवर घेतली. मंग पोरीकडं बगत म्हनले, “तूच लिहिलंतं न्हवं? सारा काय म्हनली ते तेवढं सांग. साहेबासाठी न्हाई इचारत.”

मी म्हनलं, “मामा, तुमी तर कितीदा वाचलं असंल.”

“मला वाचता कुठं येतं, पोरी?”

मला वाटलं मस्करी करायलेत. पर मामा टोपलीची कड चाचपत व्हते. “दफ्तरखान्यात कागद बांधायला वाचावं लागत न्हाई. कपडा बगायचा, गाठ बगायची.” मंग थांबत थांबत सांगितलं. त्या सांजंला मामा तहसीलदाराच्या दौऱ्यावर व्हते, तंबू ठोकायला. दुसऱ्या दिवशी घरी आले तर मामीचं तोंड कसं निराळंच दिसायलं. इचारलं, काय म्हनलीस गं? तर मामी हसली. म्हनली, मला काय ठाव? माझं तोंड चालत व्हतं, कान कुठं जाग्यावर व्हते! पावसाळ्यात पटकीची साथ आली अन् मामी गेली.

“मंग ज्याला त्याला इचारत सुटलो. सगळे म्हनत, लई गोड बोलली. गोड म्हंजी काय? गूळबी गोड असतो. आक्कानं एकदा म्हनून दाखवलं. पुन्ना म्हन म्हनलं की रडायची. ती गेल्यावर वाटलं, कागद हाय. कवातरी सुनबाईला म्हनू, वाच. पर म्हातारा मानूस, बायकू काय बोलली म्हनून इचारायचं… लाज वाटायची.”

एवढा ढीग. एवढ्या साक्षा. याकोबदादाचा जाळ, रहीमचाचांचं तेल, अन् सगळं ह्या एका गोष्टीपायी.

अन् मला एक अक्षर आठवंना. हसत हसत लिहिलेलं काय ध्यानात ऱ्हातं? मामा वाट बगायले. पोरगी मांडीवर तिचं तिचं काय तरी बडबडायली. मी तोंड उघडलं, सांगायला, की मामा, आठवत न्हाई. अन् तोंडातून भलतंच निघालं. एकामागं एक, न थांबता, माझ्याच तोंडातून अन् मलाच न कळनारं. किती येळ ते ठाव न्हाई. थांबले तवा मला धाप लागलेली अन् पोरगी चिप बसलेली.

मामांनी उपरन्यानं तोंड पुसलं. “हां,” म्हनले. “भांडताना अशीच बोलायची. मधी श्वास घ्यायची न्हाई.” अन् हसले. मी मामांना एवढं हसताना कवाच पाह्यलं नव्हतं.

“लिहून घेऊ का, मामा?” मी इचारलं.

“नगं,” म्हनले. “ऱ्हाऊ दे.”

अन् उरलेले बस्ते बांधायला लागले, एकेक गाठ मारत, मधीच हसत.

साहेब उद्या येतील. त्यांना जे सांगायचं ते मामा सांगतील. पर माझी टोपली आजून अर्धीच लिंपलेली हाय. जे निघालं ते मला आठवलं व्हतं, का मी भ्यायलेल्या जिवानं बनवलं, का तिसरंच काय व्हतं, माझं मलाच सांगता येत न्हाई. मामांना खरं सांगावं तर खरं कोनतं? अन् गप बसावं तर ते पाप व्हतं का? तुमी शिकली-सवरली मानसं. तुमच्या मांडीवर लेकरू असतं, पुढं वली टोपली असती, अन् असा मानूस तुमच्या तोंडाकडं बगत बसला असता, तर तुमी काय केलं असतं?