अण्णांची रसदबंदी

आमच्या हुबळीतल्या केशवापुरात शेजारच्या वामनअण्णांच्या घरात चिठ्ठीशिवाय जिरंसुद्धा फोडणीत पडत नसे. त्यांनी जन्मभर रेल्वेचं गोदाम सांभाळलं. निवृत्त झाल्यावर गोदाम सुटलं, म्हणून बायकोचं कोठीघर ताब्यात घेतलं. सुमतीअक्कांनी ‘दोन वाट्या तूरडाळ’ असं लिहून द्यायचं, अण्णांनी चष्मा लावून सही करायची, मग कुलूप निघायचं. या माणसाशी भांडण्यापेक्षा लिहिणं सोपं, असं अक्का हसून म्हणायच्या.

मग अक्कांच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. त्यांची केमो सुरू झाली आणि अण्णांचं वाचन. कुठल्याशा मासिकात त्यांना सापडलं, की गाठीला वाढायला आणि अंगभर पसरायला काही अमिनो आम्लं लागतात, ती जेवणातल्या डाळी-कडधान्यांतूनही मिळतात. झालं!

“रसद तोडायची!” ते कुंपणावरून मला म्हणाले. “शत्रू उपाशी मेला पाहिजे.”

डाळ बंद, मोडाची मटकी बंद, शेंगाचटणी बंद. शेंगाचटणीवाचून हुबळीत भाकरी खायची म्हणजे शिक्षाच. मी त्यांना ‘सेनापती’ म्हणून चिडवायचो. अक्का मुकाट भाताची पेज प्यायच्या.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी पुढची केमो थांबवली. अक्कांचं वजन इतकं उतरलं होतं, की औषध झेपलं नसतं.

“याक्री अण्णा, असं का केलंत?” पेजेचं कळल्यावर डॉक्टर कळवळून म्हणाले. “मासिकातले ते प्रयोग उंदरांवरचे. उद्या त्यातून औषध निघेलही. पण अक्का उंदीर आहेत काय? डाळ तोडली की गाठीआधी माणूस खंगतो. वजन भरून आणा, मग पुढचं बघू.”

घरी आल्यावर अण्णांनी कोठीघराचं कुलूप किल्लीसकट माझ्या हातात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून उलट्या दिशेची जुलूमशाही सुरू झाली. दर दोन तासांनी अण्णा वाटी घेऊन अक्कांसमोर उभे. “आणखी दोन घास. वरून हुकूम आहे!”

महिन्याभराने मी दोघांना रिक्षाने दवाखान्यात नेलं. अक्का काट्यावर उभ्या राहिल्या. वजन भरलं होतं. उद्यापासून केमो सुरू, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

“आता यांना उभं करा,” अक्का नर्सला म्हणाल्या.

“मला काय झालंय?” अण्णा मागे सरकले. पण नर्सने सोडलं नाही. अक्कांनी पिशवीतून अण्णांच्या जुन्या तपासणीचा कागद काढला; त्यावर त्यांचं पूर्वीचं वजन होतं. त्यातलं बरंच उतरलं होतं.

“मला पेज दिली तेव्हापासून हेही पेजच पितात,” अक्का मला म्हणाल्या. “शेजारी जेवलो, म्हणून थापा मारतात.”

आमच्याकडे ते एकदाही जेवले नव्हते. विचारलं की “घरी झालं” म्हणायचे. माझ्या चिडवण्याची मला मनापासून लाज वाटली.

“तुझं वजन भरेपर्यंत घास उतरत नव्हता,” अण्णा खाली बघत म्हणाले.

अक्कांनी बाकावर बसून दहीभाताचा डबा उघडला. “भरलं ना आता? मग ऊटा माड्री. जेवा.”

अण्णा जेवू लागले. डोळ्यांतलं पाणी टपटप भातात पडत होतं, पण ते पुसायलाही थांबले नाहीत. भूकच तेवढी लागली होती.