बिननावाच्या चिठ्ठ्या

पुढच्या खोलीत सासूबाईंचं शिवणकाम चाले आणि त्या खोलीचा एकच कायदा होता: ज्या चिठ्ठीवर माणूस नाही, ती चिठ्ठी केराची. माप कुणाचं तेच ठाऊक नाही, तर बाही कुणाच्या खांद्याला लावायची? चौथी शिकलेल्या बाईने या कायद्यावर तीस वर्षं दुकान चालवलं, एक बाही चुकली नाही.

म्हणूनच सुनेच्या चिठ्ठ्या कापायच्या टेबलावर सापडल्या तेव्हा त्यांचं डोकं फिरलं. वर एकेक दात पाडणारा शब्द, खाली त्याचा अर्थ, माणसाचा पत्ता नाही. त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं. ‘स्वतःतला दोष दुसऱ्यात दिसणे.’

“हात्तिच्या! ही तर आपली थोरली लेक!”

‘साहेबावरचा राग घरच्यांवर काढणे’ म्हणजे मुलगा. ‘अडचण आली की लहान मुलासारखं वागणे’, हे जावईबापू. ‘जमलं नाही की ते नकोच होतं म्हणणे’, हा समोरचा शिंपी. नाव सगळ्यात वर हवं, म्हणून वरचे शब्द त्यांनी कात्रीने उडवले आणि अर्थाच्या डोक्यावर नावं लिहिली. केराची गाडी त्या दिवशी नेमकी वेळेवर आली.

संध्याकाळी सून किंचाळली, “आई, माझे शब्द कुठे गेले?”

“कसले शब्द?”

“मानसशास्त्राचे! उद्या सकाळी तोंडी परीक्षा आहे. नापास झाले तर शाळेतली समुपदेशकाची नोकरी गेली! पुस्तकही परत करून आले मी!”

“मग नावं लिहायची नाहीत? मला काय स्वप्न पडतं?”

सून रडायला लागली. सासूबाईंनी जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती, आताही मागितली नाही. त्यांनी शिवणयंत्र मात्र थांबवलं. हातात गिऱ्हाइकाचं काम असताना ते यंत्र कधी थांबलं नव्हतं.

“डोळे पूस. मी माणूस सांगते, तू शब्द आठव. जावईबापू!”

“प्र... प्रतिगमन?”

“माझा मुलगा!”

“विस्थापन!”

आतून मुलगा खेकसला, “माझ्या नावाने काय चाललंय तिथे?”

“बघ, उदाहरण चालत आलं.”

दुसऱ्या दिवशी परीक्षक बाईंनी विचारलं, “प्रक्षेपण म्हणजे काय?”

सुनेच्या तोंडून निसटलं, “आमच्या वन्सं!”

आता मागे फिरायची सोय नव्हती. स्वतः किल्ल्या हरवून घरादाराला वेंधळं म्हणणाऱ्या वन्सं तिने सांगितल्या, मग पाठोपाठ अख्खं कुटुंब. बाईंनी शेजारच्या खोलीतल्या सरांनाही ऐकायला बोलावलं.

“पहिली आले, आई!” दुपारी सून दारातूनच ओरडली.

“येणारच. शिकवणी कुणाची होती?” सासूबाई सुई ओवत म्हणाल्या. मग जरा थांबून, “माझं काय सांगितलंस?”

सून चाचरली. “सांगायला लागले, पण वेळ संपली. बाई म्हणाल्या, यांना एक शब्द पुरायचा नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनाच घेऊन या, वर्गाला अभ्यासाला होतील.”

मुलगा फिसकन हसला. सासूबाई हसल्या नाहीत. गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारून त्यांनी कपाटातलं सगळ्यात भारी कापड काढलं, सुनेच्या हातात टेप दिली आणि ताठ उभ्या राहिल्या.

“घे माप. नीट घे. सगळं कॉलेज बघणार आहे.”