शंभरात पाच

बँक बुडू नये म्हणून केलेला नियम बँकेपेक्षाही भक्कम असावा लागतो, आणि देवाच्या कृपेने तो तसा असतोच.

मोठ्या आर्थिक संकटात झुरिकच्या बड्या बँकेला घाम फुटला. तेव्हा ओबरबाख गावाने (वस्ती १,२१२, गायी १,९४०) दगडापेक्षा वीट मऊ म्हणत सगळ्या ठेवी गावच्या बँकेत आणून ओतल्या. मग राजधानी बर्नहून नियम आला: बँकेकडच्या दर शंभर फ्रँकांत निदान पाच तिचे स्वतःचे हवेत. मोजणी ३१ डिसेंबरला. कमी भरले तर टाळे. लोकांचे पैसे वाढले होते, बँकेचे होते तेवढेच राहिले. प्रमाण भरले चार. म्हणजे गावाच्या विश्वासामुळे बँक धोक्यात आली होती, आणि हे अगदी शास्त्रशुद्ध होते.

व्यवस्थापक ऊर्स ब्रुग्गरने तीस वर्षे ही बँक पोटच्या पोरासारखी जपली होती. त्याने हिशेब मांडला: तिजोरीत नुसत्या पडलेल्या लोकांच्या नोटा मोजणीपुरत्या बाहेर गेल्या, की एकूण रक्कम घटते आणि बँकेचे आहेत तेवढेच पाच भरतात. तो घरोघर फिरला. चीझवाल्या त्रूडी गेर्बरबाईंना त्याने गळच घातली.

"मोजणीपुरते पैसे घरी न्या हो, बाई."

"अगं बाई! चोरांच्या भीतीने तुझ्याकडे ठेवले, ऊर्स. आता तुझ्या भीतीने घरी नेऊ?"

"नव्या वर्षाची सुट्टी संपली की तीन तारखेला परत आणा. बँकेच्या सभासदांच्या वार्षिक जेवणात तुम्हाला हॅमचा दुप्पट तुकडा!"

बाईंनी नोटा घराखालच्या बॉम्ब-आसऱ्यात ठेवल्या (तिकडे तो घरोघर असतो). जाड काँक्रीटच्या भिंती, आत बटाटे, स्की आणि वाइन (बॉम्ब अद्याप आलेला नाही). गावातल्या बऱ्याच जणांनी तेच केले. ३१ तारखेला बरोबर पाच भरले आणि ऊर्सचे डोळे पाणावले.

तीन तारखेला कोणीच फिरकले नाही. ऊर्स धावत बाईंकडे गेला.

"बाई, पैसे?"

"तुझे किती भरले म्हणालास?"

"शंभरात पाच! एकदम भक्कम!"

"माझ्या तळघरात शंभरात शंभर आहेत. हॅम तूच खा, बाबा."

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या गोठ्यांत पोचली. उरलेले गावही पासबुके घेऊन रांगेत उभे राहिले. आठवड्यात नोटा संपल्या आणि ऊर्सने रडत रडत कुलूप लावले. त्याच दिवशीच्या टपालाने बर्नचे प्रशस्तिपत्र आले: नियमाप्रमाणे सुरक्षित बँक. त्याने ते कुलपाशेजारी टांगले.

हसलात? हसा की. पण तुमच्या बँकेत शंभरामागे तिचे स्वतःचे किती? पासबुक उघडू नका. त्यात फक्त तुमचेच लिहिलेले असतात.