कापड आटलं, साहेब!

टेलरची टेप कधी खोटं बोलत नाही. देव, डॉक्टर आणि बायको यांच्याविषयी मास्तरांच्या मनात अधूनमधून शंका येत. टेपविषयी कधीच नाही. ती सांगेल तो आकडा ते पूर्ण श्रद्धेने वाचत आणि गिऱ्हाइकाला भलतंच काहीतरी सांगत.

त्यांचाही नाइलाज होता. अलीकडे दुकानात नव्या शिलाईपेक्षा जुन्या पँटी सैल करण्याचंच काम जास्त येई. शाळेतले सर, बँकेतले साहेब, इतकंच काय, व्यायामशाळेचा मालकसुद्धा पिशवीत पँट घालून, इकडेतिकडे बघत, चोरासारखा दुकानात शिरे. अशा वेळी ‘तुम्ही सुटलात’ म्हटलं, की गिऱ्हाईक उद्यापासून पुढच्या चौकात. म्हणून मास्तर कापड चिमटीत धरत आणि गंभीर चेहऱ्याने म्हणत, “कापड आटलं, साहेब. हल्ली धाग्यातच दम नाही.” साहेबांचा जीव भांड्यात पडे. मग शिलाईत दाबून ठेवलेली जादा कापडाची माया सोडली, की काम झालं. इतक्या वर्षांत त्या दुकानात एकही माणूस जाड झाला नव्हता. कापडच आटत गेलं होतं.

मास्तर स्वतः जाड झाले, ते मात्र डॉक्टरांच्या दवाखान्यात.

“सहा किलो उतरवा,” ब्लडप्रेशरचा पट्टा सोडवत डॉक्टर म्हणाले. “आता ताप-खोकल्याचे पेशंट येतच नाहीत हो माझ्याकडे. सगळे आपापली पोटं घेऊन येतात. गुडघे त्यामुळेच, दम त्यामुळेच, साखर त्यामुळेच. तुमचा नंबर लावायचाय का?”

झालं. दुकानात काजं-बटणं आणि हातशिलाई बघणाऱ्या बायकोने घरचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. ताटात उकडलेल्या भाज्या आल्या. पहिल्याच आठवड्यात मास्तर ताट सरकवून उठले. “गवत खाऊन पँट अजून तशीच रुततेय! मग उपयोग काय?” बायकोने ताट झाकून ठेवलं. मास्तर दुसऱ्या दिवसापासून निमूट जेवू लागले आणि दुपारी ‘बटणं आणायला’ म्हणून बाहेर पडू लागले. बेकरीच्या मागच्या बाजूला उभं राहून ते दोन क्रीम रोल खात आणि पुराव्यादाखल मूठभर बटणं घेऊन परत येत. लवकरच दुकानात इतकी बटणं झाली, की तेवढे सदरे अख्ख्या गल्लीत नव्हते.

आणि नेमकी तेव्हाच पँट सैल होऊ लागली.

आधी मास्तर खूश झाले. क्रीम रोल मानवला म्हणायचा! पण पट्टा आणखी एक भोक आत गेला, तेव्हा त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पथ्य नाही, व्यायाम नाही, आणि माणूस वाळतोय. हे कसलं लक्षण?

“माझ्या साडूचं अस्संच झालं होतं,” पँट सैल करायला आलेले एक पेन्शनर खुर्चीत फतकल मारून म्हणाले. “खायचा बैलासारखा, आणि पँट रोज ढिली.”

“मग?”

“मग काय? पँट तेवढी राहिली.”

मास्तरांनी त्याच दिवशी दार लोटून स्वतःची कंबर मोजली. टेपने चक्क दीड इंच जास्त दाखवली. पँट सैल आणि कंबर मोठी, हे एकाच माणसाला कसं होईल? त्यांनी टेप उजेडात धरली, ओढून पाहिली. “टेप आटली,” ते पुटपुटले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हे कारण त्यांना मनापासून पटलं.

मग त्यांचं बायकोवर लक्ष गेलं. ती हल्ली बोलायची गोड. एकदा बटणं न घेताच ते लवकर परतले, तर तिने काहीतरी घाईघाईने कापडांच्या ढिगाखाली सरकवलं.

“काय गं ते?”

“कुठे काय? तुम्ही बसा. दमला असाल.”

दमला असाल! लग्नापासून आजवर हा शब्द त्यांच्या वाट्याला आला नव्हता. मास्तरांची खात्री पटली. डॉक्टरांनी हिला सगळं सांगितलंय, फक्त आपल्यापासून लपवताहेत. त्यांनी मेहुण्याला बोलावून मोठी कात्री त्याच्या हातात ठेवली.

“आजपासून बेतायला शीक.”

“भाऊजी, तुम्ही तर मला कात्रीला हातही लावू देत नव्हता!”

“दिवस सारखे नसतात बाबा,” मास्तर म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले. मेहुणा घाबरून बहिणीकडे धावला. बहीण नवऱ्याला घेऊन तडक दवाखान्यात गेली.

बाकावर जागा नव्हती. चौघांच्या बाकावर तिघेच दाटीवाटीने बसले होते. मास्तर उभ्यानेच म्हणाले, “लपवू नकोस आता. मी चाललो, हे मला कळलंय.”

“काहीतरीच काय! वजन उतरलं म्हणून कोणी मरतं का?”

“पथ्य न करता उतरलं, तर मरतं!”

बाकावरचे तिघेही सरसावून बसले.

“पथ्य न करता?” बायकोचा आवाज चढला. “मग रोज दुपारी कुठे जात होता?”

“ते राहू दे. तू ढिगाखाली काय लपवलंस?”

“तुमची पँट! एक अंगावर असली, की दुसरी उसवून सैल करत होते. म्हटलं, जरा सैल झाली तर हुरूप येईल, ताट ढकलणार नाहीत. मला काय ठाऊक, तुम्ही बेकरी पोसताय!”

“अगं, मी स्वतः टेलर! मला—”

“तर! मला शिकवलं कोणी? विचारलं असतंत, तर सांगितलं असतं, कापड आटलं होतं म्हणून सैल केली!”

आतून डॉक्टरांनीच हाक मारली; भिंतीपलीकडून त्यांनी सगळं ऐकलं असावं. मास्तर वजनकाट्यावर चढले.

“साडेतीन किलो वाढलंय.”

“वाढलंय? खरंच वाढलंय ना?” मास्तरांनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. डोळे पाणावले. आजवर त्या काट्यावरून इतकं आनंदाने कोणी उतरलं नसेल. डॉक्टरांनी तेवढ्यात तपासणीसाठी रक्त काढून घेतलं.

परतताना मास्तर बेकरीच्या समोरच्या दाराने आत शिरले. आता काय लपवायचं? त्यांनी स्वतःला दोन क्रीम रोल घेतले, एक मेहुण्यासाठी बांधून घेतला आणि बायकोसमोर एक धरला. तिने आधी मान फिरवली, मग रोल घेतला. “जीव वाचला, हे काय थोडं झालं?” मास्तर तोंड भरलेलं असतानाच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. मास्तरांना साखर निघाली.