विमलताईंनी पाहिलेली स्थळं

आमच्या शेजारच्या विमलताईंनी आजवर तीन बी.कॉम. आणि दोन बीबीए नाकारले आहेत. एक एमबीएसुद्धा सांगून आलं होतं. पण विमलताई बारावी पास. "लय मोठं घरानं आहे, निभनार नाई," म्हणून त्यांनी ते दारातूनच परत पाठवलं.

नाकारले म्हणजे घरात बसून नाकारले, असं समजू नका. रीतसर पाहायला जाऊन, चहा पिऊन, "घरी इचार करून कळवतो" असं सांगून नाकारले. विमलताई 'अॅडमिशन' हा शब्द वापरत नाहीत. त्या 'स्थळ' म्हणतात.

आमचं गाव तेलंगणातलं गुडीहत्नूर, आदिलाबादजवळ. हायवेला लागून विमलताईंची पत्र्याची शेड आहे. तिथं बचत गटाच्या बाया शाळेचे युनिफॉर्म शिवतात आणि ह्या त्यांच्या प्रमुख. पन्नाशी ओलांडली आहे. मुलीचं लग्न झाल्यावर ओपन स्कूलमधून आधी दहावी काढली, मग बारावी काढली, आणि बारावीचा निकाल लागला त्याच दिवशी जाहीर केलं की आता धंद्याची डिग्री करायची.

त्याला कारण बँक. साहेब बदलतो, पण साहेबाची खोड बदलत नाही. गट विमलताईंचा, कर्ज गटाचं, सही विमलताईंची, आणि साहेब प्रश्न विचारणार नामदेवभाऊंना. नामदेवभाऊ म्हणजे ताईंचे यजमान. हा माणूस बस डेपोत मेकॅनिक. शिलाईतलं त्याला एवढंच कळतं की सुई टोचते. तो बिचारा बँकेत नुसता सोबतीला जातो आणि साहेबानं विचारलं की घाबरून बायकोकडं बघतो.

"मी समोर बसली आहो ना जी! मले इचारा ना!" विमलताई एकदा भर बँकेत म्हणाल्या. साहेबानं मान डोलावली आणि पुढचा प्रश्न पुन्हा नामदेवभाऊंनाच विचारला. त्या दिवसापासून डिग्रीचं मनात घेतलं. "डिग्री येऊ द्या. मंग पाहतो मले सोडून कोनाले इचारते तं."

आता ह्यात मी कुठं आलो? तर मी मध्यस्थ. गल्लीत बी.कॉम. झालेला मी एकटाच. बी.कॉम. होऊन मी मराठी शाळेत पोरांना पाढे शिकवतो, यावरून स्थळ म्हणून बी.कॉम.ची काय पत असेल ते तुम्हीच ओळखा. पण ताई म्हणाल्या, "सर, तुमचं त्या घरी जानं-येनं झालं आहे. तुमी चाला." गेलो.

पहिलं स्थळ आदिलाबादचं. एका ओपन युनिव्हर्सिटीचं अभ्यासकेंद्र. मला वाटलं, आम्ही दोघं जाऊ, माहितीपत्रक आणू. सकाळी बाहेर येऊन पाहतो तर विमलताई निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत, नामदेवभाऊ कडक इस्त्रीत, आणि त्यांचे बाजारहत्नूरचे भीममामा खास बोलावून घेतलेले. मामा ऐंशीच्या घरातले. स्थळ पाहायला घरातलं मोठं माणूस पाहिजेच, असं ताईंचं म्हणणं.

केंद्रावर आम्ही चौघं असे एका ओळीत आत शिरलो आणि तिथला कारकून ताडकन उभा राहिला. त्याला वाटलं, इन्स्पेक्शन आलं! पळत जाऊन त्यानं समन्वयक साहेबांना आणलं. साहेबांनी मामांना वाकून नमस्कार केला, स्वतःची खुर्ची दिली. पंखा लावला. चहा आला, बिस्किटं आली. मामांनी हात पुढं केला तशी ताईंनी डोळे वटारले. स्थळ पसंत पडेपर्यंत त्या घरचं गोड खायचं नाही, हा त्यांच्याकडचा दंडक. चहा चालतो. मामा चहा पीत बिस्किटांकडं बघत राहिले.

मग ताईंनी चौकशी सुरू केली.

"घरात मानसं किती?"

साहेब गोंधळले. मी खुलासा केला, "शिक्षक किती, असं विचारताहेत."

"पाच आहेत."

"पाचही कायमचे, का येऊन-जाऊन?"

साहेब खाली बघू लागले. पाचातले तीन येऊन-जाऊनच होते.

"बरं, आतापरेंत इथं आलेल्या पोरींपैकी नांदल्या किती अन् माघारी गेल्या किती?"

हा प्रश्न, खरं सांगतो, मी माझ्या कॉलेजला कधी विचारला नव्हता. कुणीच विचारत नाही. साहेबांनी घाम पुसला. तेवढ्यात नामदेवभाऊ सहज बोलून गेले की हिला अॅडमिशन घ्यायची आहे, आणि साहेबांनी पंखा बंद केला.

परतताना ताई थेट स्टँडवर आल्या नाहीत. आजूबाजूला विचारपूस नको? झेरॉक्सवाल्याला विचारलं, पानवाल्याला विचारलं. पानवाला म्हणाला, मानसं चांगली आहेत, पण दुपारनंतर दरवाजा उघडा दिसत नाही. स्थळ मोडलं.

दुसरं स्थळ भैंसाचं. सरकी-कापसाच्या धंद्यातल्या एका शेठनं नवीन कॉलेज काढलेलं, काचेची इमारत. भिंतीवर मोठ्ठा फलक, त्यावर टाय घातलेली पोरंपोरी दात काढून हसत होती. विमलताईंनी फलक बराच वेळ पाहिला. "शिकाले आले अन् एवढे काऊन हासून राह्यले? काईतरी लपवून राह्यले बाप्पा हे." आत गेलोच नाही. शंभर रुपयांचा प्रवास करून आम्ही फलक पाहून परत आलो.

मग एक फोनवरचं स्थळ. हैदराबादहून कुणी पोरगा रोज फोन करायचा, "मॅडम, घर बैठे बीबीए, सब ऑनलाइन." ताईंनी त्याला शांतपणे विचारलं, "बेटा, तुम्हारी शादी फोटो देखके हुई क्या?" तो म्हणाला, हो मॅडम. ताईंचा आवाजच बदलला. "सुखी है ना?" त्यानंतर अर्धा तास तो पोरगा आपल्या संसाराचं रडगाणं सांगत होता. बीबीए बाजूलाच राहिलं. अजूनही तो सणासुदीला ताईंना फोन करतो.

"पत्रिका आपल्यात पाहत नाई," ताई मला म्हणाल्या, "पन सिलॅबस पाहू." आम्ही बौद्ध, पत्रिकेशी आमचा संबंध बाबासाहेबांच्या कृपेनं सुटला. पण सिलॅबस त्यांनी असा जुळवला की कुठल्याही भटजीनं तोंडात बोटं घालावीत. पहिल्या वर्षाचं कॉस्टिंग तिसऱ्या वर्षाच्या ऑडिटशी पटेल का? मार्केटिंगचा स्वभाव कसा? एका ठिकाणी इंग्रजीचे चार पेपर निघाले. "सासू कडक आहे," म्हणून तेही बारगळलं.

असं करता करता दोन वर्षं गेली. यंदा प्रवेशाची शेवटची तारीख चार दिवसांवर आली आणि माझं डोकं फिरलं. सुट्टीच्या दिवशी माझ्या शर्टाला इस्त्री करून मामांच्या शेजारी मी किती वेळा बसायचं, याला काही सुमार? संध्याकाळी शेडमध्ये गेलो. ताई खाकी कापड बेतत होत्या. नामदेवभाऊ बाजूला बसून दोरे कापत होते.

"ताई," मी म्हणालो, "तुम्हाला शिकायचंय का नुसतं हिंडायचंय? स्पष्ट सांगा. हे वर्ष गेलं तर मी पुन्हा येणार नाही. जावई शोधतानासुद्धा माणूस इतकी नाटकं करत नाही."

कात्री थांबली. मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही.

"जावई पाहाले बी मी येवढीच फिरली होती," त्या म्हणाल्या. "पोरीले पाच वेळा इचारलं. पसंत आहे का, पसंत आहे का. पोरगी कट्टाळली." मग पुन्हा कापडावर खडूनं रेघ मारत म्हणाल्या, "माह्या टायमाले बाबा बाजाराले गेले होते. हाटेलात याहिचे वडील भेटले. दोघायनं चहा घेतला अन् झालं. मी कापूस येचून राह्यली होती. नववीत होती. सांजच्याले घरी आली तं माय म्हने, तुही सोयरीक झाली."

त्यांनी रेघ पुरी केली.

"मानूस चांगला निघाला," त्या म्हणाल्या. "नाई म्हनत नाई मी. पन निघाला, सर. पाहिला कोनी होता?"

नामदेवभाऊंनी दोरा कापला. "मले बी कोनी नव्हतं इचारलं," ते म्हणाले. "मी तं गाडीखाली होतो. नट कसून राह्यलो होतो."

"तुमाले बी इचाराले पाहिजे होतं," ताई म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या. इतक्या वर्षांत हा विषय त्यांच्यात निघाला नसावा. मला तिथं बसवेना, आणि उठवेना पण.

शेवटच्या दिवशी आम्ही पुन्हा आदिलाबादला. ह्या खेपेला सरकारी कॉलेजातलं केंद्र. इमारत जुनी, फलकावर कुणी हसत नव्हतं. शिक्षक कायमचे, रविवारी वर्ग, इंग्रजीचा एकच पेपर. झेरॉक्सवाला, चहावाला, समोरचा सायकलवाला, तिघांनीही चांगलं सांगितलं. मामा म्हणाले, घराणं बरं आहे. नामदेवभाऊ म्हणाले, डेपोच्या जवळ आहे. मीही म्हणालो, ताई, आता बस. बी.कॉम. घ्या आणि मोकळं करा आम्हाला.

ताई काहीच बोलल्या नाहीत. रांगेत उभ्या राहिल्या. ही शांतता मला माहीत होती. भैंसाच्या फलकासमोरही त्या अशाच गप्प होत्या. खिडकी बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता, आणि ह्या बाईनं आता "कळवतो" म्हटलं असतं तर ती पुन्हा कधीच पदवीच्या वाटेला गेली नसती. ते मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनाही असावं.

खिडकीत कॉम्प्युटरवर एक तेलुगू पोरगी बसली होती. विशीतली, केसांत अबोलीचा गजरा. भराभर नाव, पत्ता, विषय टाइप केले. साहेब लोकांनी लावलेल्या सवयीनं मी आणि नामदेवभाऊ पुढं सरकून उत्तरं द्यायला तयारच होतो. पोरीनं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सगळं ताईंनाच विचारलं. मग स्क्रीन ताईंकडं वळवली. एकदा बटण दाबलं की विषय बदलता येत नाहीत, म्हणून ती शेवटचं विचारत होती.

"इष्टमेना अम्मा?"

म्हणजे, तुमच्या पसंतीचं आहे ना, आई?

विमलताईंना तेलुगू उत्तम येतं. बाजार, ऑफिस, गटाच्या मीटिंगा, सगळं तेलुगूतच चालतं त्यांचं. पण त्या नुसत्याच बघत राहिल्या. मामा मागून म्हणाले, "हो म्हन ना, बाई." ताईंनी मागं वळून पाहिलं नाही. माझ्याकडं नाही, नवऱ्याकडंही नाही.

"इंकोसारि अडुगु," त्या पोरीला म्हणाल्या. आणखी एकदा विचार.

पोरीला वाटलं, ऐकू आलं नसेल. ती खिडकीतून पुढं वाकून मोठ्यानं म्हणाली, "इष्टमेना, अम्मा?"

"इष्टमे," विमलताई म्हणाल्या. "पसंत आहे." आणि ढसाढसा रडायला लागल्या. पदर तोंडाला लावून, त्या एवढ्या रांगेसमोर. पोरगी घाबरली. बटणावरचं बोट तिनं उचललं आणि माझ्याकडं बघितलं, की आता काय करू?

मी काही बोलणार तेवढ्यात ताईंनी हातानं मला थांबवलं, डोळे पुसले आणि खिडकीच्या गजाला धरून पोरीला पुन्हा तेच म्हणाल्या, आणखी एकदा विचार.

मागं रांग कुरकुरत होती. पोरीनं तिकडं लक्ष दिलं नाही. ह्या वेळी मोठ्यानं नाही, हळूच, आपल्या आईला विचारावं तसं तिनं पुन्हा विचारलं.