कैफियत लांब पडद्याची व विसो मोरेश्वरांच्या मानेची

श्रीगजानन प्रसन्न. विद्युद्देवता प्रसन्न. तारा जोडणारे, तारा तोडणारे व तारा टेबलाखाली गुंतवून ठेवणारे समस्त देव यथासांग प्रसन्न असोत. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, ज्येष्ठ वद्य षष्ठीस राजधानीत लांब पडद्याने जोडपडद्यांचा सपशेल पराभव केला, नौबत वाजली, हत्तीवरून साखर वाटली, आणि त्या विजयापायी जमाबंदीचे कारकून विसो मोरेश्वर यांची मान कायमची डावीकडे वळली. इतके लिहून शाई वाळते न वाळते तोच हुजुरातून हुकूम आला की, ऐसे काही घडलेच नाही. पडदा आला नाही, साखर वाटली नाही, आणि हत्ती त्या दिवशी गावाला गेला होता. हुकूम शिरसावंद्य. सबब जे घडले नाही ते पुढे तपशीलवार लिहितो, वाचणाराने तपशीलवार विसरावे.

त्या राज्याचा कारभार सारा लॅपटॉपावर चालत असे. चालत असे म्हणजे मुत्सद्दी मंडळी लॅपटॉप उघडून त्याच्या उबेवर हात शेकीत, आणि काम विसोपंत करीत, कारण त्यांस नाही म्हणता येत नसे. काम ऐसे की, गेल्या सालची गावांची यादी डावीकडे उघडावी, चालू सालची उजवीकडे उघडावी, आणि दोहोंचा मेळ घालावा. परंतु लॅपटॉपाचा पडदा तो केवढा, पानाच्या तबकाएवढा. त्यात दोन याद्या शेजारी मांडल्या म्हणजे गावांची नावे मुंगीएवढी होत, आणि मग विसोपंत वाकत, आणि आणखी वाकत, आणि दुपारपर्यंत नाक कीबोर्डास टेकून नाकानेच एखादे गाव पुसले जाई. खुंटेवाडी ऐसीच नाकाने गेली. तेथील रयत अद्याप तेथेच नांदते, परंतु दरबारच्या लेखी ती हवेत नांदते. मग मान धरली, आणि वैद्याने चाचपून सांगितले, "पंत, नजर समोर ठेवा. आणखी एक साल ऐसे काढलेत तर मान जिथे आहे तिथेच राहील, मग माझ्याकडे येऊ नका, सुताराकडे जा." घरी सगुणाबाई, विसोपंतांचे कुटुंब, त्यांनी तर पुढ्यातले ताटच उचलून धरले. "लग्न माझ्याशी झालं की माझ्या जोडव्यांशी? दिवाळीपासून बोलता ते त्यांच्याशीच! उद्या दरबारात जा आणि मोठा पडदा मागा. आणि मागताना वर बघा हो, नाहीतर द्यायचे गालिच्याला."

मग विसोपंत दरबारी उभे राहिले आणि अर्ज केला की, लॅपटॉपास जोडावयास बाहेरचा पडदा मिळावा. महाराज दयाळू, त्यांनी विचारिले, "कोणता?" आणि येथून राज्याच्या नाशास आरंभ जाहला. कारण दरबारात दोन पक्ष होते. नारोपंत सबनीस हे जोडपडद्यांचे, आणि खंडेराव सरनोबत हे लांब पडद्याचे, ज्यास बाजारात अल्ट्रावाइड म्हणतात त्याचे. नारोपंतांनी आयुष्यात लॅपटॉप सुरू केला नव्हता, आणि खंडेरावांनी एकदा सुरू केलेला त्यांस बंद करता आला नव्हता, सबब दोघेही अधिकारवाणीने बोलत.

नारोपंत म्हणाले, "महाराज, दोन पडदे घ्यावेत. एकावर काम, दुसऱ्यावर कामाचा देखावा. एक पडला तर दुसरा राज्य राखील."

खंडेराव हसले. "आणि मधल्या सांध्यातली ती काळी चौकट? काल मेव्हण्याकडे घोडदळाचे चित्र पाहिले. घोड्याचे तोंड एका पडद्यात, शेपूट दुसऱ्यात, आणि स्वार मध्ये चौकटीत गडप. ऐसे घोडदळ घेऊन लढावे काय? लांब पडदा घ्यावा. अखंड, एकसंध, आपल्या राज्यासारखा."

"अहो, तो इतका लांब की डाव्या टोकाला माऊसचा बाण हरवला तर उजव्या टोकाहून स्वार धाडावे लागतील. शोधायला कोण जाणार, तुमचा मेव्हणा?"

"मेव्हण्यावर जाऊ नका, पंत."

"का जाऊ नको? लांब पडदे तोच तर विकतो!"

तेव्हा दोन्हीकडून तरवारी निम्म्या उपसल्या गेल्या, पुढे गंजल्यामुळे येईनात. महाराजांनी हात वर केला आणि विसोपंतांस विचारिले, "तुला कोणता पाहिजे रे?" विसोपंत गालिच्याकडे पाहत बोलिले, "महाराज, कोणताही चालेल."

"कोणताही चालेल?" दोन्ही पक्ष एका तोंडाने ओरडले. "ही काय खानावळ आहे?" आणि जो कोणत्याच पक्षाचा नाही तो शत्रूचा, इतक्यापुरते सर्वांचे एकमत होऊन विसोपंतांस दाराबाहेर उभे केले आणि पुन्हा काही न विचारण्याचे ठरविले. मग मसलत चालली, आणि जेवणे जाहली, आणि जेवणावर मसलत जाहली, आणि अखेरीस महाराज जांभई आवरून म्हणाले, "आमच्यापुढे पडदे किती?"

"एक, महाराज."

"आणि कारकुनापुढे दोन?"

नारोपंतांनी घाम पुसून तोड काढली की, दुसऱ्या पडद्यावर खोळ घालू आणि खोळीखाली काय आहे ते कुणासच ठाऊक नाही ऐसे जाहीर करू; परंतु तोवर खंडेराव पुढे सरसावले आणि म्हणाले, "लांब असो, रुंद असो, एक म्हणजे एकच." महाराज मोजीत असत, मापीत नसत. तेव्हा लांब पडद्याचा जय जाहला, आणि खंडेरावांच्या मेव्हण्याचा त्याहून मोठा जय जाहला.

पडदा पालखीतून कचेरीत आला. परंतु त्या राज्याचा रिवाज ऐसा की, प्रत्येक कारकुनासमोरील भिंतीवर महाराजांची तसबीर, आणि कारकून व तसबीर यांच्या मध्ये काही उभे करणे हा राजद्रोह. लॅपटॉप बुटका, सबब त्यास माफी. लांब पडद्यास माफी कोठली? जोडपडदे असते तर एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मध्ये महाराज निर्वेध, मान निदान दोहोंकडे हलती राहती. हे नारोपंतांच्या ध्यानी आले, परंतु साखर वाटून झाल्यावर आले. मग पडदा डाव्या भिंतीशी उभा केला. विसोपंत हळूच म्हणाले, "मग मी खुर्ची तेवढी वळवून घेतो."

"आणि तसबिरीस काय दाखवणार? कान?" खंडेराव कडाडले. "खांदे समोर, गुडघे समोर. डोळ्यांविषयी रिवाजात काही नाही, डोळे खुशाल कोठेही न्या."

तेव्हा विसोपंतांनी गुडघे महाराजांस वाहिले आणि डोळे पडद्यास वाहिले. पडदा मात्र नामी निघाला. दोन्ही याद्या शेजारी मावल्या, गावांची नावे वांग्याएवढी दिसो लागली, खुंटेवाडी सापडली, आणि विसोपंत इतके हर्षले की आषाढ गेला, श्रावण गेला, तरी मान कोणीकडे आहे हे त्यांनी पाहिलेच नाही. पाहावयाचे तर मान वळवावी लागती. पुढे दसऱ्याचा दरबार भरला. सारे महाराजांकडे पाहत, विसोपंत एकटे मुदपाकखान्याच्या दाराकडे पाहत. महाराज कोपले. "हा आमच्याकडे का पाहत नाही?"

"महाराज, मी समोरच पाहतो आहे," विसोपंत अदबीने बोलिले, "आपण बाजूला बसला आहात."

मग चौकशी बसली, आणि चौकशीत ऐसे निघाले की, दोष पडद्याचा मानावा तर निवाडा चुकला, आणि निवाडा तो महाराजांचा, आणि महाराज चुकत नाहीत; सबब पडदा आलाच नाही. न आलेला पडदा खंडेरावांच्या मेव्हण्याकडे परत गेला, आणि विसोपंतांपुढे पुन्हा तोच तबकाएवढा लॅपटॉप मांडला, जो आता त्यांस दिसतही नाही. नारोपंत व खंडेराव दोघांस शालजोडी मिळाली. सगुणाबाई म्हणाल्या, "पूर्वी खाली बघत होते ते बरं होतं, निदान माझे पाय तरी माझेच होते."

एकूण हकीकत इतकीच: पडदा नाही, निवाडा नाही, चूक नाही, मान आहे आणि ती डावीकडे आहे. ऐसियास विसो मोरेश्वर यांची हुजूरचरणी विनंती ऐसी जे, मान सरळ होणे नाही ऐसे वैद्यांनी लिहून दिल्याकारणे, मानेस हात न लावता बाकीचे राज्य, सिंहासन, किल्ले, नदी, बाजारपेठ व सूर्याची उगवती दिशा यांसह, एक चतुर्थांश डावीकडे फिरवून मिळावे. काम येत्या रब्बीच्या पेरणीपूर्वी उरकावे, आणि फिरविते वेळी अर्जदाराची खुर्ची जागची हलू नये.